सभामंडप आणि सभागृह



न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. तेव्हापासून महाराष्ट्रातल्या कित्येक गावांनी उन्हाळ्याची सुटी, संध्याकाळची वेळ आणि एक बोलका माणूस या तीन गोष्टी एकत्र आणण्याचा परिपाठ ठेवला आहे. या तिन्हींत चौथी एक गोष्ट लागते, तिचा उल्लेख मात्र आभारप्रदर्शनातच, तोही घाईघाईने होतो. ती म्हणजे जागा. वक्ता मिळतो, श्रोतेही मिळतात. जागा मिळवताना कार्यवाहांच्या वहाणा झिजतात. आज मी या जागेविषयीच बोलणार आहे.

विषय थोडा नेमका करून सांगतो. एखादी धार्मिक संस्था, मग ते देवस्थान असो, मठ असो वा मिशन असो, समाजासाठी सभागृह बांधते आणि त्यात गाणे, नाटक, व्याख्यान, चित्रांचे प्रदर्शन अशा गोष्टींना स्थान देते. असे सभागृह कशासाठी असते? ते कोणाचे असते? त्याच्या दारात कोणाला अडवावे आणि कोणाला अडवू नये? प्रश्न वरवर व्यवस्थापनाचा दिसतो. पण थोडे खोल गेलात, तर तो आपल्या धर्मविचाराशी आणि माणुसकीशी जाऊन भिडतो.

प्रथम जुन्या घराकडे पाहू. आपल्या देवळाची रचना तुम्ही सर्वांनी पाहिलेली आहे. आत गाभारा, त्याच्यापुढे अंतराळ आणि त्याच्यापुढे सभामंडप. गाभारा लहान, अंधारा, एकट्या देवाचा. सभामंडप प्रशस्त, उजेडाचा, माणसांचा. नावातच पाहा, याला पूजामंडप म्हटलेले नाही, सभामंडप म्हटले आहे. जुन्या दगडी देवळांत याच मंडपाला रंगमंडपही म्हणतात, आणि त्याच्या मधोमध वर्तुळाकार शिळा बसवलेली आढळते, तिला रंगशिळा म्हणतात. देवापुढे नृत्य व्हायचे ते या शिळेवर. म्हणजे ज्याने देऊळ बांधले त्याने देवाच्या जागेबरोबर कलेची जागाही दगडात कोरून ठेवली होती. कला देवळात मागाहून शिरलेली पाहुणी नव्हे. घराचा नकाशा काढतानाच तिची खोली आखलेली होती.

या मंडपाने आपल्यासाठी काय केले? ज्यांनी शाळेचे तोंड पाहिले नाही अशा लाखो माणसांना त्याने शिकवले. बुवा नारदाच्या गादीवर उभे राहायचे. पूर्वरंगात एका अभंगाचे निरूपण व्हायचे, मध्यंतरात बुवांना हार घालायचा आणि श्रोत्यांना बुक्का लावायचा, आणि मग उत्तररंगात आख्यान रंगायचे. त्यात काव्य होते, संगीत होते, अभिनय होता, विनोद होता, व्याकरणही होते. एकाच माणसाने एका रात्रीत एवढे सगळे द्यायचे आणि तिकीट काय? तर शेवटी आरतीच्या ताटात पडेल ती नाणी. तळकोकणात जत्रेच्या रात्री देवळापुढे दशावतारी उभे राहतात. त्यांचा सारा संसार एका पेटाऱ्यात मावतो, आणि रंगमंचावरचे सामान म्हणजे एक लाकडी बाकडे. तेच बाकडे इंद्राचे सिंहासन, तेच कंसाचा पलंग. गणपती येतो, संकासुर येतो, आणि पहाट होईपर्यंत गाव जागचे हलत नाही.

गोमंतकातले उदाहरण तर फार बोलके आहे. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर यांचे बालपणीचे पहिले पाठ देवळांच्या आणि नाटकमंडळींच्या परिसरात झाले. १९१३ च्या सुमारास त्या ज्या नाटकमंडळीत दाखल झाल्या, तिचे नाव होते चंद्रेश्वर भूतनाथ संगीत मंडळी. चंद्रेश्वर भूतनाथ हे गोव्यातल्या एका डोंगरावरचे दैवत. दैवताच्या नावाची नाटक कंपनी, आणि त्या कंपनीतून पुढे आलेली हिंदुस्थानी संगीतातली एक थोर गायिका! देऊळ, नाटक आणि संगीत यांचे नाते यापेक्षा वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

परंतु नात्याची ही गोड बाजू सांगून थांबलो तर मी अर्धेच खरे बोललो असे होईल. ज्या कलावंत स्त्रियांनी गोमंतकातल्या देवळांचे मंडप सुरांनी भरले, त्यांना समाजाने मानाचे स्थान दिले नाही. त्यांचे गाणे देवाला चाले, त्या स्वतः मात्र घरात चालत नसत. आणि ज्या मंडपात संतांचे अभंग गायले जात, त्याच मंडपाच्या उंबरठ्याबाहेर त्या संतांचेच भाऊबंद शतकानुशतके उभे राहिले. चोखोबांची समाधी पंढरीत कोठे आहे? महाद्वाराबाहेर, पायरीपाशी. अभंग आत, अभंगकर्ता बाहेर! नाशिकला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तो १९३० साली. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी प्राणांतिक उपोषण केले ते मे १९४७ मध्ये. स्वातंत्र्य तीन महिन्यांवर आले होते, आणि विठोबाच्या दारात एका मातृहृदयी माणसाला उपाशी बसावे लागत होते. सभामंडपाचे ऋण मोजताना हे देणेही वहीच्या त्याच पानावर मांडले पाहिजे.

आता नव्या घराकडे येऊ. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत देवळाच्या सभामंडपाशेजारी, किंवा त्याच्यापासून दूर, धार्मिक संस्थांची स्वतंत्र सभागृहे उभी राहिली. याचे कारण उघड आहे. मंडप गावापुरता होता, नगर मोठे झाले. मंडपात ऐकणारे एका पंथाचे होते, नगरात दहा पंथांचे लोक शेजारी राहू लागले. कीर्तनाच्या जोडीला व्याख्यान आले, ग्रंथालय आले, ध्वनिवर्धक आला. या नव्या प्रकाराचा एक उत्तम नमुना मी आज तुमच्यापुढे ठेवतो. तो महाराष्ट्रातला नाही, कलकत्त्याचा आहे. २००१ पासून त्या शहराचे अधिकृत नाव कोलकाता झाले आहे. पण माझ्या पिढीच्या जिभेला जुने नाव सुटत नाही, त्याबद्दल क्षमा असावी.

दक्षिण कलकत्त्यात गोलपार्क नावाचा भाग आहे. तेथे रामकृष्ण मिशनची संस्कृती-संस्था आहे. इंग्रजीत तिला इन्स्टिट्यूट ऑफ कल्चर म्हणतात. तिचा जन्म कसा झाला ते ऐका. स्वामी विवेकानंदांनी १ मे १८९७ रोजी रामकृष्ण मिशन स्थापन केले. श्रीरामकृष्णांचा जन्म १८३६ चा. म्हणून १९३६ साली त्यांची जन्मशताब्दी आली आणि तिचा सोहळा वर्षभर चालला. आता शताब्दी म्हटली की आपल्याकडे काय होते हे तुम्ही जाणता. मिरवणूक निघते, जेवणावळ होते, पुतळा उभारला जातो, आणि दुसऱ्या वर्षी पुतळ्यावर कावळे बसतात. त्या संन्याशांनी दोन वेगळ्या गोष्टी केल्या. भारताच्या सांस्कृतिक वारशावर अनेक पंडितांकडून लेख लिहवून घेऊन त्यांनी १९३७ साली तीन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. आणि त्याच वर्षीच्या मार्चमध्ये कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये सर्वधर्मपरिषद भरवली. तीत रवींद्रनाथ ठाकुरांचेही भाषण झाले. या शताब्दीतून जी स्थायी संस्था निघाली ती ही संस्कृती-संस्था. स्थापना जानेवारी १९३८ मधली. प्रारंभी स्वतःची इमारत नव्हती. आज जी भव्य वास्तू गोलपार्कला दिसते, तिच्यात संस्था १९६१ साली गेली. म्हणजे काम आधी सुरू झाले आणि इमारत तेवीस वर्षांनी आली. आपल्याकडे बहुधा उलट होते. इमारत आधी उठते आणि काम कोणते करायचे याचा शोध तेवीस वर्षे चालतो!

त्या वास्तूत काय आहे? मोठे ग्रंथालय आहे. मुलांच्या वाचनाची निराळी सोय आहे. देशी आणि परदेशी भाषा शिकवणारी शाळा आहे. बाहेरगावच्या आणि परदेशच्या विद्वानांना उतरण्यासाठी निवास आहे. आणि विवेकानंदांच्या नावाचे सभागृह आहे. तेथे वेदान्तावर प्रवचने होतात, तशी इतिहासावर, विज्ञानावर, साहित्यावर व्याख्याने होतात, आणि संगीताचे कार्यक्रमही होतात. जात, धर्म, देश यांवरून तेथे कोणाला वगळले जात नाही. संस्था संन्याशांची आहे हे कोणी लपवत नाही, आणि ऐकायला येणाऱ्याने शिष्यत्व घ्यावे असेही कोणी म्हणत नाही. यजमान आपले कुंकू पुसत नाही आणि पाहुण्याला लावण्याचा आग्रहही करीत नाही. धार्मिक संस्थेच्या सार्वजनिक सभागृहाचे सारे शील या एका वाक्यात येते असे मला वाटते.

कोणी म्हणेल, संन्याशांना ही उठाठेव कशाला? ज्यांनी संसार सोडला त्यांनी तबल्याच्या आणि तंबोऱ्याच्या भानगडीत का पडावे? याचे उत्तर त्यांच्या गुरूच्या चरित्रात आहे. कामारपुकुर या खेड्यात श्रीरामकृष्ण लहान असताना एका शिवरात्रीला गावात नाटकाचा खेळ व्हायचा होता. शंकराचे काम करणारा आजारी पडला, म्हणून या मुलाला जटा बांधून, भस्म फासून उभे केले. मुलगा रंगात आला तो असा की त्याचे देहभान हरपले, आणि खेळ तेथेच थांबला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. स्वामी विवेकानंद तर अंगानेच गवई. ध्रुपद गात, पखवाज वाजवीत, आणि संन्यास घेण्याच्या सुमारास, १८८७ साली, गीतांचा एक संग्रहही त्यांच्या सहसंपादनाने निघाला होता. हेच विवेकानंद १८९२ साली मुंबईहून पुण्याला येताना लोकमान्यांना आगगाडीत भेटले आणि त्यांच्या बिऱ्हाडी आठ-दहा दिवस राहिले. म्हणजे कलकत्त्याच्या या गोष्टीचा एक धागा आपल्या पुण्यातून गेलेला आहे.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट यापुढची. २१ सप्टेंबर १८८४. कलकत्त्याच्या बीडन स्ट्रीटवर स्टार थिएटर नावाचे नाट्यगृह होते. गिरीशचंद्र घोष यांचे चैतन्यलीला हे नाटक तेथे चालू होते. आणि चैतन्य महाप्रभूंची भूमिका कोण करीत होते? बिनोदिनी दासी नावाची वीस-एकवीस वर्षांची नटी. त्या काळी बंगाली रंगभूमीवर ज्या स्त्रिया येत त्या बदनाम वस्तीतून येत. त्यामुळे भद्र लोक नाटक पाहात आणि नटीचे नाव निघाले की नाक मुरडीत. अशा नाट्यगृहात दक्षिणेश्वरचा हा साधू नाटक पाहायला गेला. लोकांनी त्यांना आधीच सांगून पाहिले की तेथे वेश्या काम करतात. मी त्यांना जगन्मातेची रूपे म्हणूनच पाहीन, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. खेळ संपल्यावर बिनोदिनी पाया पडायला आली. त्यांनी तिच्या मस्तकावर हात ठेवला आणि तुला चैतन्य लाभो असा आशीर्वाद दिला. तिने पुढे आपल्या आत्मकथेत हा प्रसंग आयुष्यातली सर्वांत मोठी कमाई म्हणून जपून ठेवला आहे. आजही बंगालच्या नाट्यगृहांत रंगपटात श्रीरामकृष्णांची तसबीर लावण्याची रीत आहे. साधूची तसबीर मठात असते, यात नवल नाही. ती रंगपटात असावी, नट-नट्यांनी तोंडाला रंग लावण्यापूर्वी तिला नमस्कार करावा, यात मात्र सारे काही आले.

या गोष्टीचा दुसरा अंक लोक फारसा सांगत नाहीत. १८८५ साली श्रीरामकृष्ण घशाच्या दुखण्याने अंथरुणाला खिळले. उपचारासाठी त्यांना श्यामपुकुर येथे भाड्याच्या घरात ठेवले होते. वैद्यांच्या सांगण्यावरून भेटीगाठींवर निर्बंध होते, आणि बिनोदिनीसारखीला तर सेवेकऱ्यांनी आत सोडण्याचा प्रश्नच नव्हता. तेव्हा ती साहेबाचा वेष करून गेली. कोट, पाटलोण, टोपी! दारावरच्यांनी गोऱ्या साहेबाला अदबीने आत सोडले. आत गेल्यावर तिने टोपी काढली आणि पायांवर डोके ठेवले. ठाकूर तिची युक्ती पाहून पोट धरून हसले, असे वर्णन आहे.

बंधुभगिनींनो, आपणही हसलात, हसण्यासारखेच आहे. पण क्षणभर विचार करा. जिच्या मस्तकावर गुरूने स्वतः हात ठेवला होता, तिला गुरूच्या दारात वेषांतर करून जावे लागले. आतल्याने अडवले नव्हते, दारावरच्यांनी अडवले होते. आणि त्या दारावर कोटाला मान होता, कलेला नव्हता. धार्मिक संस्थांचा इतिहास हा पुष्कळदा आतला आणि दारावरचे यांच्यातल्या या तफावतीचा इतिहास असतो. देव कोणाला नाही म्हणत नाही. नाही म्हणतात ते व्यवस्थापक.

आता मी आपल्या घरात येतो. आपल्याकडे देवस्थानांनी सभागृहे बांधली आहेत आणि बांधीत आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. पायाभरणीच्या वेळी पत्रिकेवर काय छापलेले असते? सांस्कृतिक भवन. आणि पाच वर्षांनी ते काय झालेले असते? लग्नकार्यालय. मी कोणा एका संस्थेवर ठपका ठेवीत नाही, म्हणून नाव घेणार नाही, पण स्वतःचा अनुभव सांगतो. एका गावी देवस्थानाच्या सभागृहात वैशाखात तीन दिवसांचे कीर्तन ठरवावे म्हणून आम्ही चौघे गेलो. कारकुनाने वही उघडली, चष्मा वर केला आणि म्हणाला, “वैशाख सगळा गेला. मुहूर्त आहेत ना! कीर्तन आषाढात करा.” देवाच्या पैशांनी बांधलेल्या वास्तूत देवाच्या कीर्तनाला मुहूर्त मिळेना! आम्ही ते कीर्तन जुन्या सभामंडपात केले. गर्दी झाली, लोक पायऱ्यांवर बसले. जुने घर लहान असूनही उपयोगी पडले आणि नवे मोठे घर शेजारी बँडच्या आवाजाने दुमदुमत राहिले.

लग्ने होऊ नयेत असे मी म्हणत नाही. ज्या बापाला शहरातल्या कार्यालयाचे भाडे परवडत नाही, त्याच्या मुलीचे लग्न देवाच्या दारी माफक पैशांत व्हावे, हेही पुण्याचेच काम आहे. आणि विजेचे बिल, झाडलोट, रंगसफेदी, रखवालदार यांना पैसा लागतो, हे मला मान्य आहे. नुसत्या कीर्तनावर इमारत उभी राहात नाही. माझे म्हणणे एवढेच की उत्पन्नाचे साधन कोणते आणि उद्दिष्ट कोणते, हे विसरू नये. दूध विकून गाय पोसावी. गाय विकून दूध पिऊ नये.

दुसरा अनुभव मला अधिक बोचला. एका देवस्थानाच्या सभागृहात नवरात्रात सांस्कृतिक कार्यक्रम होता, आणि त्यात गोंधळ्यांचा फड बोलावला होता. गोंधळी म्हणजे देवीचे परंपरेने चालत आलेले गायक. संबळ घेऊन ते आले. त्यांना मागच्या जिन्याने वर नेले. कार्यक्रम फार सुंदर झाला, टाळ्या पडल्या. नंतर पाहुण्यांची जेवणे आत पाटावर झाली, आणि गोंधळी मागच्या अंगणात कट्ट्यावर, पंगत उठण्याची वाट पाहात बसून होते. त्यातला म्हातारा संबळवाला मला म्हणाला, “आईनं बोलावलं म्हणून आलो, दादा.” तो दुसरे काही बोलला नाही. तक्रारीचा एक शब्द नाही. मी त्या समितीत नव्हतो, पण पाटावर जेवायला बसलेल्यांत होतो, आणि उठून अंगणात गेलो नाही. ही गोष्ट मी तेव्हापासून बरोबर वागवतो आहे. म्हणून आज हा विषय निवडला.

आपल्याकडे देवळात प्रवेश मिळावा यासाठी कायदे झाले, १९४७ साली झाला, १९५६ साली झाला. कायद्याने महाद्वार उघडले हे फार मोठे काम झाले. पण मागचा जिना कोणी कोणासाठी ठेवावा, याला कायदा पुरा पडत नाही. तेथे समितीतल्या माणसांची बुद्धी आणि हृदय हीच कामी येतात.

आक्षेप दोन घेतले जातात. पहिला असा, की देवाच्या पैशावर नाचगाणी कशाला? दान देणाऱ्याने ते पूजेसाठी दिले होते. याचे उत्तर मी मघाच रंगशिळेच्या रूपाने दिले आहे. आपल्या पूर्वजांना पूजा आणि कला यांत भिंत दिसली नाही. नवविधा भक्तीत श्रवण आणि कीर्तन ही पहिली दोन आहेत, अर्चन मागाहून येते. ऐकणे आणि गाणे यांसाठी बांधलेली जागा ही पूजेचीच जागा होय.

दुसरा आक्षेप पावित्र्याचा. वाटेल ते लोक येतील, वाटेल ते करतील. या आक्षेपात तथ्य आहे, मी तो उडवून लावीत नाही. धार्मिक संस्थेने आपल्या सभागृहात मद्य नको, ओंगळ प्रकार नकोत, असे म्हणणे तिच्या हक्काचे आहे. गोलपार्कचे सभागृहही काही व्यावसायिक नाट्यगृह नव्हे. प्रत्येक घराची एक मर्यादा असते. परंतु मर्यादा ही कृतीवर असावी, माणसाच्या जन्मावर किंवा धर्मावर नसावी. उस्ताद बिस्मिल्ला खाँ काशीच्या गंगाघाटावरच्या बालाजी मंदिरात वर्षानुवर्षे सनईचा रियाज करीत. बालाजीचे पावित्र्य त्यामुळे भंगले काय? मिरजेला ख्वाजा शमसुद्दिन मीरासाहेबांच्या दर्ग्यात उस्ताद अब्दुल करीम खाँ चिरनिद्रा घेत आहेत. १९३७ साली ते गेले, आणि तेव्हापासून तेथे उरुसात गवई हजेरी लावतात. हिंदू लावतात, मुसलमान लावतात. त्याच मिरजेत अंबाबाईच्या देवळात नवरात्रात संगीतोत्सव होतो, आणि त्यातही कोणी गवयाचा धर्म विचारीत नाही. जेथे सूर लागतो तेथे पावित्र्य आपोआप येते. जेथे माणसाचा अपमान होतो तेथून ते निघून जाते, मग तुम्ही कितीही गोमूत्र शिंपडा.

म्हणून देवस्थानांच्या आणि धार्मिक संस्थांच्या चालकांपुढे चार व्यावहारिक सूचना नम्रपणे ठेवतो.

पहिली सूचना. सभागृहाच्या वर्षातल्या दिवसांची वाटणी आधीच करून ठेवा. इतके दिवस कार्यांसाठी, इतके दिवस कला, व्याख्यान, कीर्तन यांसाठी. नंतरचे दिवस पैशासाठी मोडायचे नाहीत, मुहूर्त कितीही चांगला असो.

दुसरी. नियम लेखी असावेत आणि दाराशी मराठीत टांगलेले असावेत. काय चालते, काय चालत नाही, भाडे किती, हौशी मंडळांना सवलत किती. कारकुनाच्या चष्म्यावर ते अवलंबून नसावे. नकार द्यायचा तर कारण लिहून द्यावे. तोंडी नकारात पुष्कळ पाप लपते.

तिसरी. इमारत बांधताना श्रोत्यांच्या खुर्च्यांबरोबर कलावंतांचाही विचार करा. संगमरवरी जिना होतो, झुंबर होते, आणि रंगपटात आरसा नसतो, स्त्रियांसाठी स्वच्छतागृह नसते. आवाज नीट घुमतो की भिंतींवर आपटून परत येतो, हे झुंबर टांगण्यापूर्वी पाहावे. श्रोत्याला शेवटच्या रांगेत शब्द ऐकू आला नाही, तर ते सभागृह नव्हे, गोदाम होय.

चौथी, आणि माझ्या मते सर्वांत मोठी. कलावंताला पुढच्या दाराने आत घ्या, आणि त्याला आपल्या पंगतीला बसवा. याला एक पैसाही खर्च येत नाही. आणि ज्या सभागृहात हे होत नाही, त्याच्यावर कोट्यवधी रुपये खर्च झाले असले तरी ते कलेचे मंदिर नव्हे.

समारोप करतो. बिनोदिनीची गोष्ट मी अर्धी ठेवली होती. १८८३ साली स्टार थिएटर उभे राहिले ते मुख्यतः तिच्या त्यागामुळे. त्या नाट्यगृहाला तुझे नाव देऊ असे तिला सांगितले होते. प्रत्यक्ष नोंदणीच्या वेळी नाव निघाले स्टार. एका नटीचे, तीही अशा कुळातली, तिचे नाव दारावर कसे लावायचे? लोक काय म्हणतील? तिने पंचविशीच्या आत रंगभूमी सोडली. १९१२ च्या सुमारास आत्मकथा लिहिली, तीत हे दुःख मोकळेपणाने सांगितले, आणि १९४१ साली ती गेली. बीडन स्ट्रीटचे ते नाट्यगृहही काळाच्या ओघात नाहीसे झाले. स्टार हे नाव हातिबागानच्या दुसऱ्या वास्तूकडे गेले, तीही १९९१ साली आगीत सापडली आणि पुढे पुन्हा उभी राहिली. आणि २०२४ च्या अखेरीस बंगालच्या सरकारने जाहीर केले की या नाट्यगृहाला बिनोदिनीचे नाव द्यायचे. एकशे एकेचाळीस वर्षांनी तिचे नाव दारावर लागले.

जे एका साधूला एका संध्याकाळी कळले होते, ते समाजाला कळायला एकशे एकेचाळीस वर्षे लागली. आपल्या गावात एवढा वेळ लागू नये, इतकीच माझी इच्छा. ज्या म्हाताऱ्या संबळवाल्याची मी गोष्ट सांगितली, तो आता हयात नाही. त्याला मी काही देऊ शकत नाही. पण त्याची नातवंडे संबळ वाजवत असतील. येत्या नवरात्रात ती आपल्याकडे आली, तर तुमच्यापैकी कोणीतरी पुढच्या दाराशी उभे राहून त्यांना आत न्यावे, आणि जेवताना आपल्या शेजारचा पाट त्यांच्यासाठी मांडावा. मी हयात असेन तर दुसऱ्या बाजूचा पाट माझा.